घरात सलाम

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. मुलगा हुशार, आता पुण्यात नोकरीला आहे. ईद मुबारक, सर तब्येत कशी आहे, दुआओं में याद रखिए, असं सगळं उर्दूत. अक्षरं मात्र इंग्रजी. मी सवयीप्रमाणे उर्दू लिपीत चार ओळींचं उत्तर पाठवलं. दोन मिनिटांत त्याचा पुन्हा मेसेज, "सर, हे जरा इंग्लिश अक्षरांत पाठवता का? वाचायला वेळ लागतोय." या मुलाने पहिलीपासून दहावीपर्यंत इतिहास, भूगोल, गणित सगळं उर्दू लिपीतून केलेलं आहे. शाळा सोडून त्याला अजून दहा वर्षंही झाली नाहीत.

राग आला नाही. फोनवर इंग्रजी अक्षरं बोटाखाली आयती असतात, उर्दूचा कीबोर्ड शोधून लावावा लागतो. त्यात बऱ्याच फोनवर उर्दू दिसते ती नस्खमध्ये, म्हणजे अरबी छापाच्या सरळ अक्षरांत. आमचे डोळे नस्तालीकवर वाढलेले, उजवीकडून डावीकडे उतरत जाणाऱ्या तिरक्या, झुलत्या अक्षरांवर. पाठ्यपुस्तकं नस्तालीकमध्ये, वर्तमानपत्रं नस्तालीकमध्ये, आणि फोन उघडला की तीच भाषा अनोळखी कपड्यांत समोर. पण वर्गात मी मुलांना एवढं जरूर सांगतो की लिपी सुटली की काय सुटतं. रोमनमध्ये 'नजर' लिहिलं तर ती ज़ोयवाली नजर, म्हणजे दृष्टी, की ज़ालवाली नज्र, म्हणजे भेट किंवा नवस, हे कळायचं कसं? 'कसरत' म्हटलं तर सीनवाली व्यायामाची कसरत की से वाली, म्हणजे विपुलता? मुलं हसतात. म्हणतात, "सर, मागचं-पुढचं वाचून कळतं." तेही खरंच आहे.

माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून आमच्या गावातली पत्रं घोळत आहेत.

आमचं गाव चिपळूण तालुक्यातलं. कोकणी मुसलमानांच्या भाषेचा मामला बाहेरच्या माणसाला नीट समजत नाही, म्हणून आधी तो सांगतो. घरात आम्ही कोकणी बोलतो, जी मराठीला इतकी जवळची की एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला अर्धी-अधिक कळते. शाळा उर्दू. बाजार, बस, तहसील कचेरी मराठी. नमाज आणि कुरआन अरबी. आणि पत्र? पत्र उर्दूत. कोकणीत पत्र लिहिता येतं हे कुणाच्या मनातही येत नसे. कोकणी ही बोलायची गोष्ट, कागदावर अदबीने उर्दूच यायची.

त्या काळी गावातल्या निम्म्या घरांतला कर्ता पुरुष आखातात असे. कुवेत, बहरीन, दम्माम, मस्कत ही नावं आम्हा पोरांना सातारा-सांगलीच्या आधी पाठ झाली होती. पोस्टमन आला की आधी त्याच्या हाताकडे बघायचं. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड असेल तर ते मुंबईचं, आणि त्याचा कोपरा फाडलेला असेल तर कुणीतरी गेलं, हे न वाचताच कळायचं. तार आली तर वाचण्याआधीच रडारड. पण कडेला लाल-निळ्या पट्ट्या असलेला पातळ लिफाफा आला की पोस्टमनला थांबवून चहा पाजला जायचा.

पत्राची सुरुवात ठरलेली. 'बाद सलाम मसनून', मग इथे खैरियत आहे आणि तुमची खैरियत खुदावंद करीमकडून नेक मतलूब आहे, वगैरे. मराठी घरांत 'साष्टांग नमस्कार वि. वि.' आणि 'पत्रास कारण की' असायचं ना, तसंच. मग पाठवलेल्या ड्राफ्टची रक्कम, कुणाची उधारी फेडायची, पावसाआधी कौलं फिरवून घ्या, धाकट्याला मदरशात नेमाने पाठवा. पत्र वडिलांच्या नाहीतर आईच्या नावे. बायकोच्या नावे पत्र लिहिणं बेशरमपणाचं समजलं जाई. तिच्या वाट्याला शेवटची ओळ: 'घर में सलाम'. दोन-दोन वर्षं परदेशात राबणाऱ्या माणसाने आपल्या बायकोला लिहिलेलं सगळं काही या तीन शब्दांत. ते वाचून झालं की चुलीपाशी बसलेली बाई पदर सारखा करायची. ऐकल्याची पावती तेवढीच.

हे पत्र वाचणार कोण, हा पुढचा प्रश्न. म्हाताऱ्या बायकांना कुरआन वाचता यायचं, पण उर्दू नाही. मग पेश-इमाम साहेब, नाहीतर शाळेचे गुरुजी, नाहीतर आमच्यासारखी चौथी-पाचवीतली पोरं. वाचणारा उर्दू वाचून सांगायचा कोकणीत. म्हणजे वाचनाबरोबर भाषांतरही. मोठी माणसं वाचताना मध्येच थबकत, खाकरत, एखादी ओळ सोडून पुढे जात. आजाराची, कामावरून काढल्याची बातमी आधी घरातल्या वडीलधाऱ्याला बाजूला घेऊन सांगितली जाई. बायका मात्र शक्यतो पोरांना बोलावायच्या. पोरगा अक्षरन् अक्षर वाचेल आणि त्याला त्यातलं काही कळणार नाही, असा त्यांचा हिशेब. फार पक्का हिशेब होता तो. वाचून झालं की मुठीत एक खजूर.

पुढे बी.एड.ला आम्हाला भाषेची चार कौशल्यं शिकवली: श्रवण, भाषण, वाचन, लेखन. चारही एका विद्यार्थ्यात विकसित झाली पाहिजेत, असं पुस्तकात होतं. मला आमची पडवी आठवली. तिथे बोलायची एक, लिहून द्यायचा दुसरा, वाचायचा तिसरा आणि ऐकायचं साऱ्या वाडीने.

२ ऑगस्ट १९९० ला इराकची फौज कुवेतमध्ये घुसली आणि आमच्या गावाला येणारी पत्रं बंद झाली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. माझ्या खालाचा नवरा कुवेतला एका गॅरेजमध्ये होता. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतली मिळून बरीच माणसं तिकडे होती. ना पत्र, ना फोन. रात्री पडवीत ट्रान्झिस्टर लावून बीबीसीची उर्दू बातमीपत्रं ऐकायची, हा सगळ्यांचा कार्यक्रम. पुरुष बाहेर ऐकत आणि आम्ही पोरं आत जाऊन बायकांना कोकणीत सांगत. बातम्यांत सद्दाम असे, बुश असे, तेलाचा भाव असे. गॅरेजमधल्या माणसांचं काही नसे. खाला रोज एकच विचारायची, "आपल्या माणसांचं काय म्हणाले?"

एअर इंडियाने जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईला विमानांच्या फेऱ्या सुरू केल्या. दोन महिन्यांत पाचशेच्या आसपास उड्डाणं झाली आणि सुमारे पावणेदोन लाख माणसं आणली गेली. हे आकडे मी मोठेपणी वाचले. आम्हाला तेव्हा कळलं ते एवढंच की शेजारच्या गावातला एक जण एसटीतून उतरला, पायात चप्पल आणि हातात एक पिशवी, आणि त्याने खिशातून एक पावती काढली. पावतीच्या मागे उर्दूत अकरा नावं होती. खाली दोन शब्द: 'खैरियत से'. ती पावती त्या दिवशी तीन गावं फिरली. ज्याला वाचता येत होतं त्याने वाचली, ज्याला येत नव्हतं त्याने हातात धरली. खालाच्या नवऱ्याचं नाव सातवं होतं. तो स्वतः महिन्याभराने आला, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा तिकडेच गेला. दुसरं करणार काय?

कॅसेटचा जमाना याच्या आगेमागेच. सुट्टीवर येणाऱ्याच्या हाती पत्राबरोबर नव्वद मिनिटांची कॅसेट यायची. आखातातल्या खोलीत चार जण मिळून भरायचे, त्यामुळे एकाचा निरोप चालू असताना मागे दुसऱ्याचं खोकणं ऐकू यायचं. मग चिपळूणला एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले. रात्री उशिरा दर कमी, म्हणून बूथबाहेर बायकांची रांग. आत गेल्यावर नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. त्या फोनवर कुणी धड काही बोललं असेल असं मला वाटत नाही. "ऐकू येतंय का?" यातच निम्मे पैसे जायचे.

जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. वर्तमानपत्रांत हळहळ व्यक्त करणारे लेख आले, लोकांनी आठवण म्हणून स्वतःलाच तारा केल्या. त्याच्या पुढच्याच महिन्यात व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप पाठवायची सोय आली. त्यावर कुणी लेख लिहिल्याचं मला आठवत नाही. पण आमच्या गावापुरतं विचाराल तर मोठी घटना ती होती.

खालाचा मुलगा, म्हणजे माझा भाऊ, शारजाला असतो. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून सरळ कॉल लागत नाही, आवाजाचे निरोप मात्र जातात. त्यामुळे ही माय-लेकरं दिवसभर एकमेकांना निरोप पाठवत असतात. खालाला लिहिता येत नाही, फोनवरची अक्षरं कळत नाहीत. माइकचं चित्र तेवढं कळतं. अंगठा दाबून धरायचा आणि बोलायचं. ती कोकणीत बोलते, तो कोकणीत उत्तर देतो. आयुष्यात पहिल्यांदा तिचा निरोप तिच्या भाषेत, तिच्या आवाजात, मधल्या माणसाशिवाय पोहोचतो. सुनेबद्दलची तक्रारसुद्धा! पूर्वी ही तक्रार पत्रात घालायची तर लिहिणाऱ्याला सांगावी लागली असती, आणि लिहिणारा सुनेचा मामा निघाला असता.

म्हणून माझ्या वयाची माणसं एकत्र जमून 'काय ती पत्रं, काय तो जिव्हाळा, आता सगळं यांत्रिक झालं' असं म्हणू लागली की मी गप्प बसतो, पण मनातून मला ते पटत नाही. आपण पत्रांची आठवण काढतो ती वाचता-लिहिता येणाऱ्याच्या जागेवरून. खालाच्या जागेवर बसून बघा. तिच्या नवऱ्याचा शब्द न् शब्द आधी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेला. तिला जे कळवायचं होतं ते गुरुजींना सांगता आलं नाही म्हणून वीस वर्षं कळवलंच गेलं नाही. माझ्या लेखी त्या अंगठ्याएवढ्या बटणाने जे केलं ते साक्षरतेच्या वर्गांनीही केलं नव्हतं. मी स्वतः मास्तर आहे, तरी हे म्हणतो.

(खाला तो निरोप फुल आवाजात, शेजारणीसमोर, तीनदा लावते, हा भाग वेगळा. खाजगीपणाची एवढी चैन तिला आता नकोच आहे बहुधा.)

पण एक गोष्ट गेली आहे, आणि तिची मला काळजी वाटते. मधला माणूस गेला. पेश-इमाम साहेब जी ओळ गिळून पुढे जायचे, ती आता कुणी गिळत नाही. बातमी आली की अंगठ्याने पुढे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. कोल्हापूर आमच्यापासून घाटापलीकडे, पण त्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या प्रत्येक पालकाचा चेहरा मला आठवतो. एक आई मला भेटायला आली. म्हणाली, "सर, याला फोन देऊ की नको तेवढं सांगा. अकरावीला रत्नागिरीला जाणार आहे. फोन नसला तर जीव घोरात, असला तर त्याहून घोरात." पोरगा कोपऱ्यात उभा होता. मी त्याला एवढंच म्हटलं की जे पत्र तू तुझ्या नानीला मोठ्याने वाचून दाखवू शकणार नाहीस, ते पुढे पाठवू नकोस. त्याने मान हलवली. सोळा वर्षांच्या पोराच्या मान हलवण्यावर किती विसंबायचं ते तुम्हीही जाणता. आपल्या मुलांचा एक अंगठा चुकला तर त्याची किंमत एकट्या मुलाने मोजून भागत नाही, हे त्या बाईला मला समजावून सांगावं लागलं नाही.

आणि दुसरी गोष्ट टिकण्याची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठ बुडाली, दीडशे वर्षांहून जुन्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं भिजली. नदीकाठच्या आमच्या नातेवाइकांच्या घरात पेट्यांमधले कागद लगदा होऊन निघाले: दाखले, निकाहनामे, पत्रं. फोनही गेले, आणि फोनबरोबर आवाज. एका चुलत बहिणीचे वडील त्याआधीच्या वर्षी कोरोनात वारले होते. त्यांचे निरोप तिच्या फोनवर होते. नवा फोन आला, नंबर तोच राहिला, निरोप परत आले नाहीत. बॅकअप म्हणजे काय ते तिला नंतर कुणीतरी समजावलं. अशा गोष्टी नेहमी नंतरच समजावल्या जातात.

खालाचं घर उंचावर, म्हणून तिची पत्र्याची पेटी वाचली. नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पेटीत त्याची दोनशेच्या वर पत्रं आहेत आणि घरात ती वाचणारं कुणी नाही. मुलगा शारजाला. त्याची मुलगी इंग्रजी माध्यमात, नववीला. पुराच्या बातम्या बघून त्या मुलीनेच सगळ्या पत्रांचे फोनवर फोटो काढले. मग फोनकडूनच वाचून घ्यायला गेली. छापील उर्दू फोन बऱ्यापैकी वाचतो, पण तिच्या आजोबांचं अक्षर म्हणजे घाईत लिहिलेलं, नुक्ते एकमेकांत मिसळलेलं. फोनने काय काय वाचलं ते तिने मला दाखवलं. 'कौलं' होती तिथे 'कबूल' होतं.

मग ती माझ्याकडे आली. "चाचा, तुम्ही वाचा, मी रेकॉर्ड करते." मी म्हटलं, वाचतो, पण तूही शीक. तिला वाटलं होतं दोन-तीन वर्षं लागतील. पण ती कुरआन वाचते, म्हणजे अठ्ठावीस अक्षरं तिला आधीच येतात. पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ अशी थोडी अक्षरं वाढवायची आणि जेर-जबरच्या काठीशिवाय चालायला शिकायचं. आपल्या इंग्रजी माध्यमातल्या बहुतेक मुलांचं हेच आहे, ती अर्ध्या वाटेवर उभी असतात आणि त्यांना ते कुणी सांगत नाही. रेख्तासारख्या संकेतस्थळावर मुलं देवनागरीत, रोमनमध्ये शेर वाचतात, पाठ करतात, त्याचा मला आनंदच आहे. आजोबांचं अक्षर मात्र कुठल्याच संकेतस्थळावर मिळायचं नाही.

दर रविवारी असरनंतर आम्ही बसतो. सुरुवातीला मी वाचायचो आणि ती बघायची. चार महिन्यांनी 'खैरियत' हा शब्द ती स्वतः ओळखू लागली, कारण प्रत्येक पत्रात तो दोनदा येतो. खाला बाजूला बसून तांदूळ निवडते आणि सूचना देते. एका पत्राचा रंग दुरून बघूनच म्हणाली, "ते ठेव, ते नको वाचू." मी ते न उघडता खाली ठेवलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. त्याचाही फोटो तिच्या फोनमध्ये आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. अजून वर्षभराने ते तिला वाचताही येईल. खालाने तिला काही म्हटलं नाही.

मागच्या रविवारी १९९० च्या गठ्ठ्यात ती पावती निघाली. शाई फिकी झाली आहे. मुलीने बोट ठेवून एकेक नाव लावलं, आणि सातव्यावर थांबून आजोबांचं नाव वाचलं. अकरापैकी सहा जण आता हयात नाहीत. उरलेल्या पाचांच्या घरी तिने पावतीचा फोटो पाठवला. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून आवाजाचे निरोप आले, एक तर चांगला सहा मिनिटांचा, कोकणीत.

आता पेटीच्या तळाशी चार कॅसेट उरल्या आहेत. कोकणातली हवा, त्यामुळे दोघींच्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली दिसते. चिपळूणमध्ये रेडिओ दुरुस्त करणारे एक जुने गृहस्थ आहेत. ते म्हणाले, बुरशी असलेली फीत तशीच लावू नका, फीतही जाईल आणि मशीनचं हेडही. साफ करून देतो म्हणाले, पण वाजवून बघायला त्यांच्याकडेही चालू टेपरेकॉर्डर उरलेला नाही. कुणाच्या माळ्यावर एखादा चालू स्थितीत असेल तर जरूर सांगा. पावसाच्या आत मिळाला तर बरं.